ताज्या कलमातले 25,000 रुपये

घाटंजी तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका कास्तकार वाचकाचे पाच पानांचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा मुख्य भाग येथे देत आहे.

"माझे वय 38 आहे. आमचे घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. सहा एकर कोरडवाहू वावर आहे. त्यात चार एकर पऱ्हाटी (कपाशी) आणि दोन एकर तूर-सोयाबीन असते. मागच्या मे महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी तीन दिवस संजीवन सभा झाल्या. बाहेरून आलेल्या उपदेशकांनी सांगितले, की विश्वासाचे बीज पेरा म्हणजे परमेश्वर शंभरपट देईल, आणि ते बीज देताना दुखले पाहिजे. सोसायटीचे 1,10,000 रुपयांचे पीक कर्ज त्याच आठवड्यात खात्यात आले होते. त्यातले 25,000 मी अर्पण केले. त्या हंगामात तुरीचा बहर धुवारीने (धुक्याने) गळाला. पऱ्हाटीचा उतारा एकरी पाच क्विंटल आला. फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेली पऱ्हाटी) फेब्रुवारीपर्यंत ठेवली, ती बोंडअळीने खाल्ली. देणी अंगावर होती म्हणून वीस क्विंटल कापूस खेडा खरेदीत (गावातच व्यापाऱ्याला) क्विंटलला 6,900 रुपयांनी देऊन टाकला. आता त्या उपदेशकांच्या माणसांचे फोन येतात. ते म्हणतात, बीज पेरले पण त्याला पाणी दिले नाही म्हणून आशीर्वाद अर्ध्यावर थांबला. घरात गुप्त पाप असेल, नाहीतर विश्वास कमी असेल.

जानेवारीत मी तीन दिवस उपवास-प्रार्थना केली आणि डोळे मिटून शास्त्र उघडले, तर बोट बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 28:12 वर पडले. तू पुष्कळांना उसने देशील, पण तुला उसने घ्यावे लागणार नाही, असे ते वचन आहे. त्याच दुपारी ट्रॅक्टरच्या एजंटाचा फोन आला. ही प्रभूचीच वाणी आहे असे मला वाटते. ट्रॅक्टर 6,50,000 चा आहे. दीड लाख गावातल्या एका गृहस्थाकडून शेकडा तीन रुपये महिन्याने मिळतील, उरलेले पाच लाख फायनान्सवर. सहामाही हप्ता 71,000 असा पाच वर्षे. बाबांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढच्या वर्षी करू. आमचे पाळक साहेब (चर्चचे धर्मगुरू) थांबा म्हणतात. पण माझा शेजारी देवाचे नाव घेत नाही आणि त्याच्या दारात नवा ट्रॅक्टर आहे, गावातला सहावा. माझा विश्वास खरेच कमी आहे का? आणि माणसांचे ऐकून प्रभूची वाट सोडली, तर तो अवज्ञेचा दोष होणार नाही का?

ता. क. 25,000 चे घरी बायकोला माहीत नाही."

प्रिय बंधू, जय ख्रिस्त.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि त्याचा ताजा कलम चारदा वाचला. त्या ओळीकडे मी शेवटी येईन, कारण जे तुम्ही उघडपणे विचारले आहे त्याचे उत्तर आधी मिळण्याचा तुमचा हक्क आहे.

घरात आबादानी यावी असे मागणे हे पाप नव्हे. संपत्ती मिळवण्याचे सामर्थ्य परमेश्वर देतो असे अनुवादाच्या आठव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे, आणि योहानाचे तिसरे पत्र ज्या गायसाला लिहिले आहे त्याचे सर्व बाबतींत बरे चालावे अशी इच्छा त्याच्या आरंभीच व्यक्त केली आहे. गरिबी हीच पवित्रता आहे असे जे सांगतात, त्यांनी मृग लागल्यावर कृषी केंद्राच्या काउंटरसमोर रिकाम्या खिशाने कधी उभे राहून पाहिलेले नसते. मी 31 वर्षे कृषी सहायक म्हणून वऱ्हाडातल्या वावरांतून हिंडलो आहे आणि नंतरची काही वर्षे मंडळीच्या पंचांत बसलो आहे, त्यामुळे पैशाची नड माणसाच्या प्रार्थनेला कसे वळण देते हे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर नावाचा माणूस देवाजवळ दारिद्र्यही मागत नाही आणि श्रीमंतीही मागत नाही; पोट फार भरले तर मी तुला विसरेन आणि रिकामे राहिले तर चोरी करीन, असे तो सरळ सांगतो. स्वतःच्या स्वभावाची इतकी खरी ओळख असलेली प्रार्थना मला शास्त्रात फारशी आढळलेली नाही.

आता शंभरपटीविषयी लिहितो. ज्या दृष्टान्तातून हा शब्द उचलला जातो तो पेरणाऱ्याचा दृष्टान्त आहे, आणि त्यातले बी म्हणजे काय हे प्रभूने तेथेच सांगून ठेवले आहे : लूकाच्या आठव्या अध्यायाप्रमाणे बी हे देवाचे वचन आहे. पैसाही त्या दृष्टान्तात आहे, पण तो काटेरी झुडपांच्या जागी आहे. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात संसाराची चिंता आणि द्रव्याचा मोह ही ती झुडपे आहेत, जी वाढून वचनाची वाढ खुंटवतात. तुम्ही कास्तकार आहात; डवरणी चुकलेल्या वावरात हराळी आणि कुंदा पऱ्हाटीचे काय करतात ते मी तुम्हाला सांगायला नको. प्रभूने ज्याला तण म्हटले तेच बेणे म्हणून विकणारा माणूस मंचावर उभा असेल, तर त्याच्या हातात शास्त्र असले तरी त्याने ते पान वाचलेले नाही असे समजावे. मार्काच्या दहाव्या अध्यायातही शंभरपटीचे अभिवचन आहे खरे, परंतु त्याच वाक्यात घरे, भाऊबहिणी आणि शेते यांच्याबरोबर छळाचाही उल्लेख आहे, आणि तो शब्द मी अशा सभांमधून कधी ऐकला नाही.

बेण्यावरून माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण मी तुमच्यापेक्षा शहाणा असल्याचा आव आणून लिहिणे बरोबर होणार नाही. 2002 च्या सुमारास आपल्या भागात सफेद मुसळीचे वेड आले होते. एका कंपनीची माणसे गावोगाव सभा घेत, महाग दराने बेणे देत आणि तयार माल आम्हीच परत घेऊ अशी लेखी हमी देत. मी कृषी खात्यात नोकरीला होतो, मला कळायला हवे होते. पण त्या दिवशी भिंतीवरच्या वचनांच्या कॅलेंडरवर आशीर्वादाचे वचन होते, मी गुडघे टेकले आणि भावाच्या वावरात अर्धा एकर मुसळी लावली. माल निघाला तेव्हा घेणारे कोणी नव्हते. त्यांचा धंदा मुसळीचा नव्हताच, बेण्याचा होता. पुढे कित्येक महिने मी देवावर रुसून होतो. मग एके दिवशी ध्यानात आले, की मी निर्णय आधी घेतला होता आणि प्रार्थना नंतर केली होती. देवाला मी विचारले नव्हते, त्याची सही घ्यायला गेलो होतो.

तुमचा विश्वास कमी पडला का, हा प्रश्न तुम्हाला छळतो आहे. माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते मी तुमची समजूत घालण्यासाठी देत नाही. सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे प्रभूने विचारले आणि स्वतःच नाही म्हणून उत्तर दिले. ते लूकाच्या तेराव्या अध्यायात आहे. धुवारी तुमच्या तुरीवर पडली तशी धुऱ्यापलीकडच्या तुरीवरही पडली असणार. तुमच्या शेजाऱ्याविषयीच्या प्रश्नाचेही उत्तर तसेच आहे : पाऊस नीतिमानावर आणि अनीतिमानावर सारखाच पडतो असे प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले, आणि जो देव त्याच्या वावरावर पाऊस पाडतो त्याच्याविरुद्ध आपण तक्रार करण्यात अर्थ नाही. शिवाय त्याच्या दारातला ट्रॅक्टर तुम्हाला दिसतो. त्या ट्रॅक्टरवरचे कर्ज तुम्हाला रस्त्यावरून दिसत नाही.

ज्यांना पिकाच्या उताऱ्यावरून विश्वास मोजायचा आहे त्यांनी हबक्कूकाचे शेवटचे पान वाचावे. अंजिराला कळी नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतांत अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, आणि तरीही तो परमेश्वराच्या ठायी आनंद करीन म्हणतो. फोनवरच्या त्या माणसांच्या हिशेबाने हा संदेष्टा गुप्त पापी ठरेल.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. 1899-1900 चा दुष्काळ, ज्याला जुनी माणसे छप्पन्याचा दुष्काळ म्हणत, तो वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात फार भयंकर झाला. मिशनांनी त्या काळात अनाथ मुले सांभाळली, अन्नछत्रे चालवली, आणि त्यातून काही घराणी ख्रिस्ती झाली. त्यांना गावात काय ऐकावे लागले ते तुमच्या घरातही आठवणीत असेल : भाकरीसाठी बाटले. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो टोमणा आयुष्यभर सोसला आणि भाकरी नसलेल्या वर्षीही उपासना सोडली नाही, हेच त्यांनी त्याला दिलेले उत्तर होते. आता त्यांचीच नातवंडे मंडपात बसून, विश्वास ठेवला तर ट्रॅक्टर मिळतो असे ऐकतात आणि हालेलूया म्हणतात, तेव्हा टोमणा मारणाऱ्यांचेच म्हणणे आपण सव्वाशे वर्षांनी खरे करून दाखवत आहोत, असे मला वाटते आणि वाईट वाटते.

ईश्वरी मार्गदर्शन मिळते यावर माझा विश्वास आहे. ते मिळते आणि कधी कधी त्याचे फळ धान्यातही दिसते. इसहाकाची कथा त्यासाठीच वाचावी. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात दुष्काळ पडला आहे, सगळ्यांची तोंडे मिसराकडे वळली आहेत, आणि परमेश्वर त्याला सांगतो की तिकडे जाऊ नकोस, मी सांगेन त्या देशात राहा. त्याने ऐकले, गरारात पेरणी केली आणि त्याच वर्षी त्याला शंभरपट पीक आले. उपदेशक साधारणपणे येथे थांबतात. अध्याय मात्र पुढे चालू राहतो. पीक पाहून पलिष्ट्यांना हेवा वाटला, त्यांनी त्याच्या बापाच्या वेळच्या विहिरी मातीने बुजवल्या, राजाने त्याला निघून जायला सांगितले. त्याने नवी विहीर खोदली तर तिच्यावरून भांडण झाले, म्हणून तिचे नाव एसेक. दुसरीवरून झाले, म्हणून सितना. तिसरीवरून कोणी भांडले नाही तेव्हा तिला रहोबोथ म्हटले. विदर्भात विहिरीवरून कज्जे किती पिढ्या चालतात हे माहीत असलेल्या माणसाला कळेल, की पाणी लागलेली विहीर सोडून पुढे जाणे किती जड आहे. इसहाकाचा आज्ञाधारकपणा मला त्या शंभरपटीपेक्षा त्या दोन सोडलेल्या विहिरींत अधिक दिसतो. आणखी एक बाब लक्षात घ्या : त्याला मिळालेली आज्ञा राहण्याची होती. पिकाचा सौदा तिच्यात नव्हता, आणि त्याने पेरले ते धान्य होते.

मार्गदर्शन मानणाऱ्याची नेहमी भरभराटच होते असेही नाही. मदतीला बोलावणारा मासेदोनियाचा मनुष्य प्रेषित पौलाला दर्शनात दिसला, पौल ताबडतोब निघाला, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या त्याच सोळाव्या अध्यायात फिलिप्पै येथे फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात बसला. त्याची वाट चुकली होती असे कोणी म्हणत नाही. आपल्या भाषेतले उदाहरण हवे असेल तर पंडिता रमाबाईंचे घ्या. 1896-97 च्या दुष्काळात आपल्याला प्रभू बोलावतो आहे असे त्यांना वाटले आणि त्या मध्य प्रांतात गेल्या. परत येताना त्यांच्याबरोबर धनाची थैली नव्हती, तर उपाशी मुली आणि बालविधवा होत्या, ज्यांच्यासाठी पुढे केडगावला जमीन कसावी लागली, विहिरी खोदाव्या लागल्या आणि दात्यांना पैशाचा हिशेब द्यावा लागला. जी हाक ऐकून खाणारी तोंडे वाढतात ती खरी असण्याचा संभव अधिक, असे मी म्हणणार नाही. पण केवळ कमाई वाढवणारीच हाक आपल्याला ऐकू येत असेल, तर कान तपासून पाहावेत.

आता तुमच्या बोटाविषयी. डोळे मिटून शास्त्र उघडणे मी थट्टेवारी नेणार नाही, कारण ते तुम्ही उपवास करून, मन लावून केले. तरी ते वचन पुन्हा वाचा. तुमच्या पत्रात "पुष्कळांना" असे आले आहे, मूळ वचनात "राष्ट्रांना" आहे, कारण ते बोलणे यार्देनेच्या काठी उभ्या असलेल्या एका अख्ख्या लोकसमूहाशी आहे आणि त्याला सगळ्या नियमशास्त्राच्या पालनाची अट आहे. त्याच अध्यायात अडतिसाव्या ओवीत, शेतात पुष्कळ बी नेशील पण थोडेच गोळा करशील, कारण टोळ ते खातील, असेही लिहिले आहे. बोट अर्ध्या पानाने खाली पडले असते तर तुम्ही पेरणी सोडली असती का? आणि सर्वांत विशेष हे, की तुला उसने घ्यावे लागणार नाही असे सांगणाऱ्या वचनावरून तुम्ही साडेसहा लाख उसने घेण्याची आज्ञा काढली आहे. एजंटाचा फोन आला हीही खूण मानू नका. सुगी संपली की एजंटांचे फोन सगळ्यांनाच येतात.

बायबलातल्या गिदोनाने रात्री दव कोठे पडते ते पाहायला लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली, हे आपल्याकडे फार सांगितले जाते. पण त्याला काय करायचे ते देवाने आधीच सांगितले होते. लोकर त्याने शंका फिटत नव्हती म्हणून ठेवली. आपलेही बहुधा तसेच असते. जे आधीच स्पष्ट सांगून ठेवले आहे त्याचे आपण काय केले हे पाहायचे सोडून आपण नवी खूण मागत बसतो. तुमच्याच हंगामातली उदाहरणे घेतो, कारण मला अळीविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. 2017 साली गुलाबी बोंडअळीने आपल्या जिल्ह्याचे काय केले ते तुम्ही पाहिले आहे. तेव्हापासून अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि नागपूरची कापूस संशोधन संस्था कंठशोष करून सांगतात, की डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा, फरदड ठेवू नका, कारण अळीला तेथेच पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. तुम्ही अळी जाण्यासाठी प्रार्थना केली आणि तिच्या राहण्याची सोय करून ठेवली. तसेच, 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. ओलावा 8 टक्क्यांच्या आत ठेवून आणि सीसीआयच्या (केंद्राच्या कापूस महामंडळाच्या) कपास किसान ॲपवर वेळेत नोंदणी करून तुमचा वीस क्विंटल त्या भावाने गेला असता, तर 24,200 रुपये अधिक मिळाले असते. तुमच्या अर्पणाचा आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहा. कर्जातले पैसे कमी पडले, म्हणून देणी झाली. देणी होती, म्हणून घाईत विकले. बुद्धी, अनुभव आणि जाणत्यांचा सल्ला यासुद्धा देवाच्याच देणग्या आहेत. मसलत न घेतल्याने बेत फसतात असे नीतिसूत्रे सांगतात, आणि तुमचे पाळक साहेब थांबा म्हणाले ते त्यांच्या कामाचाच भाग म्हणून म्हणाले. माणसाचे ऐकले म्हणून देवाची अवज्ञा झाली असे होत नाही. देव बहुतेक वेळा माणसांकरवीच बोलतो, आणि तो अशा माणसाकरवी बोलण्याची शक्यता अधिक असते, ज्याला तुमच्या निर्णयातून दलाली मिळणार नाही.

ट्रॅक्टरचा हिशेब थोडक्यात करतो, कारण बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा हे प्रभूचेच म्हणणे आहे. दोन सहामाही हप्ते म्हणजे वर्षाला 1,42,000 रुपये. दीड लाखावर शेकडा तीनने वर्षाचे नुसते व्याज 54,000 रुपये. दोन्ही मिळून 1,96,000, आणि तुमच्या सगळ्या कापसाचे पैसे, बियाणे-खत-फवारणी-वेचणी काही न वजा करता, 1,38,000 आले. भाड्याची कामे मिळतील असे म्हणाल, तर गावात आधीच सहा ट्रॅक्टर आहेत असे तुम्हीच लिहिता. सहा एकराला ट्रॅक्टर भाड्याने लावणे परवडते, पोसणे परवडत नाही. त्या गृहस्थांविषयीही एक शब्द : 2014 च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 आणि बिनतारणी कर्जावर 12 टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही, आणि तुम्हाला मिळालेला दर वर्षाला 36 टक्के होतो.

दशांशाविषयी तुम्ही विचारले नाही, पण फोन करणारे मलाखीचा तिसरा अध्याय पुढे करतीलच. भांडारात दशांश आणा असे तेथे म्हटले आहे, आणि ते भांडार कोणाचे होते ते अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात सापडते : तिसऱ्या वर्षीचा दशांश आपल्याच गावात साठवायचा, म्हणजे लेवी (उपासनेची सेवा करणारे कुळ), परदेशी, अनाथ आणि विधवा येऊन पोटभर खातील. ज्यांचा पत्ता तुम्हाला ठाऊक नाही त्यांच्या खात्यात गेलेले पैसे त्या भांडारात पोचत नाहीत. आणि अर्पण उत्पन्नातून असते. जे आहे त्याप्रमाणे दिलेले मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नव्हे, असे पौल करिंथकरांना लिहितो. पीक कर्ज हे तुमचे नव्हे, ते सोसायटीचे आहे आणि परत द्यायचे आहे.

तेव्हा आता तो ताजा कलम.

तुम्ही तीन दिवस उपवास केला, डोळे मिटून शास्त्र उघडले, एजंटाच्या फोनात खूण शोधली, आणि या साऱ्या काळात एक गोष्ट अशी होती जी करायची आहे हे तुम्हाला कोणत्याही खुणेशिवाय पक्के माहीत होते. ती माहीत होती म्हणूनच पत्र संपल्यावर ती ओळ तुमच्या हातून लिहिली गेली. जिने तुमच्याबरोबर त्या चार एकरांत निंदण केले, कापूस वेचला, ओटीत बोंडे भरली, तिच्या घरातून 25,000 रुपये गेले आणि तिला वर्षभर कळले नाही. ती रक्कम देवाला दिली म्हणून तिला न विचारणे पवित्र ठरते, असे तुम्हाला वाटले असेल. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने हेच प्रकरण हाती घेतले आहे : आईबापांना द्यायचे ते कुर्बान म्हणजे देवाला अर्पण केले असे सांगून हात झटकणाऱ्यांना त्याने फार कडक शब्दांत सुनावले. बाबांचे ऑपरेशन पुढच्या वर्षी, ही तुमच्या पत्रातली ओळ मी त्या अध्यायाच्या शेजारी ठेवून वाचली. त्यातही दुःखाची गोष्ट अशी, की जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात मोफत होते. ती ढकलण्याला पैशाचेही कारण नव्हते.

मला तुम्हाला दोषी ठरवायचे नाही. 2 राजेच्या चौथ्या अध्यायातली विधवा अलीशा या संदेष्ट्याकडे आली तेव्हा सावकार तिची दोन मुले दास म्हणून न्यायला टपला होता. अलीशाने तिच्याकडे बीज मागितले नाही. तुझ्या घरात काय आहे, असे विचारले. तेलाची एक कुपी होती. शेजारणींकडून रिकामी भांडी आणवून, दार लावून, मुलांसह तिने ती भरली, आणि चमत्कार संपल्यावर त्याने सांगितले ते अगदी साध्या कारभाराचे होते : जा, तेल विक, कर्ज फेड आणि उरेल त्यात तू आणि तुझी मुले चरितार्थ चालवा. हा क्रम लक्षात ठेवा, कारण अर्पणाचा उल्लेख त्यात कोठे नाही, आणि तरी ती कथा देवाच्या कृपेचीच आहे. मुलांना दाराआड बरोबर घेतले होते, हेही मला महत्त्वाचे वाटते. घरातल्यांपासून लपवून काही भरले गेले नाही.

म्हणून येत्या रविवारी उपासनेहून घरी आलात, की जेवणे झाल्यावर सोसायटीचे पासबुक, उधारीची वही आणि फायनान्सवाल्याचा कागद पत्नीसमोर ठेवा आणि 25,000 चे सांगा. कारणे देत बसू नका. सभेत काय वाटले ते सांगून मोकळे व्हा. ती रागावेल. कदाचित दोन दिवस बोलणार नाही. तिला रागावू द्या, आणि मध्येच शास्त्रवचन काढून तिचे तोंड बंद करू नका. राग निवळला, की पुढचा हिशेब तिच्या हातात द्या, कारण गावातल्या बचत गटांचा इतक्या वर्षांचा माझा अनुभव असा आहे, की 100 रुपयांची नोंद बाया जितक्या काटेकोरपणे ठेवतात तितकी आपण हजाराची ठेवत नाही. पीक कर्जाचे जेवढे भरता येईल तेवढे मुदतीत भरा, डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतचे कर्ज वेळेत फेडणाऱ्याला व्याज शून्य पडते, आणि कर्जमाफीच्या आशेवर थांबून ती सवलत घालवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. ट्रॅक्टरच्या एजंटाला नाही म्हणून कळवा. त्या उपदेशकांच्या माणसांचा फोन आला, तर त्यांना एवढेच विचारा की मागच्या वर्षीच्या सभांच्या जमाखर्चाची प्रत पाठवाल का. बहुधा पुन्हा फोन येणार नाही. आणि पाळक साहेबांकडे पत्नीला बरोबर घेऊन जा, एकटे जाऊ नका.

पेरणीसाठी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत थांबा, धूळपेरणीच्या (पावसाआधी कोरड्या मातीत पेरण्याच्या) भानगडीत पडू नका. बाबांना या आठवड्यातच यवतमाळला नेऊन डोळे दाखवा. ऑपरेशनची तारीख मिळाली, की मला एक ओळ लिहा; त्या सकाळी आमच्या घरच्या प्रार्थनेत त्यांची आठवण करू.